बाइंडरमामा बोलायला लागले त्याची गोष्ट

माझे मामा बाइंडर. गल्लीत, वाचनालयात, कोर्टाच्या दफ्तरखान्यात, शाळांच्या ऑफिसात सगळे त्यांना बाइंडरमामा म्हणतात. त्यामुळे खरी भाची मी एकटी असले तरी त्या नात्याचा मला काही खास मान मिळत नाही. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. आत शिरलं की डाव्या हाताला कागद कापायचं यंत्र, उजवीकडे पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, मधे लांब टेबल आणि त्यावर पुठ्ठे, कापडाचे तुकडे, मेण लावलेला दोरा आणि खळीचं भांडं. मागे स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराला मामीने कधी पडदा लावू दिला नाही, कारण ती स्वयंपाकघरातून बोलायची आणि मामा पुढे बसून ऐकायचे.

ऐकायचे म्हणजे "हं" म्हणायचे. त्यांचे "हं" सात-आठ प्रकारचे होते आणि मामीला ते सगळे कळायचे. पटलं तर एक, पटलं नाही तर दुसरा, लक्षच नव्हतं तर तिसरा. मामी सांगते, "लग्नानंतर आठ दिवस मला वाटत होतं, हे माझ्यावर रागावलेत. मग कळलं, हा माणूस खुशीत असला तरी असाच असतो."

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मामांचा घसा बसला. चार आठवडे झाले तरी सुटेना. मामी म्हणाली, दवाखान्यात चला. मामांनी न पटलेला "हं" दिला. शेवटी मीच त्यांना जवळजवळ ओढत नेलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, ती वाईट आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल. आवाज वाचणार नाही.

मामांनी विचारलं, "हात चालतील ना?"

"हाताला काही होणार नाही."

"मग काढा," मामा म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांच्या स्वतःच्या आवाजातले हेच शेवटचे शब्द आहेत.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर किरणांचे शेक दिले, तेही त्यांनी निभावले. गळ्याला पुढून एक भोक राहिलं आणि श्वास आता तिथूनच चालायचा. मानेला लावून बोलायचं एक छोटं यंत्र डॉक्टरांनी दाखवलं, पण शेकांमुळे मामांच्या मानेची कातडी इतकी कडक झाली होती की त्यातून नुसती गुरगुर यायची. शेजारच्या शिंप्याने मोठ्या प्रेमाने शिट्टी आणून दिली, हाक मारायला. ती फुंकायला तोंडातून हवा यायला पाहिजे ना. मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि शिट्टी खिशात ठेवली.

मग पाटी आली. मामा त्यावर लिहायचे आणि मामीला दाखवायला आत जायचे. पण मामीचे हात पिठात असायचे, चष्मा दुसऱ्या खोलीत असायचा. चष्मा सापडेपर्यंत मामांच्या मनातली गोष्ट शिळी व्हायची. ते पाटी पुसून टाकायचे. "अहो, काय लिहिलं होतं?" मामी विचारायची. मामा हाताने "काही नाही" करायचे.

आयुष्यभर कमी बोललेल्या माणसाला आता नेमकं बोलायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं. एका रविवारी मी गेले तर टेबलावर त्यांची पाठकोरी वही उघडी होती. वर तारीख आणि खाली लिहिलेलं: "आज हिला सांगायचं राहिलं: हिरवी साडी चांगली दिसते. शिंप्याच्या मुलीला नोकरी लागली. पाणी उद्या येणार नाही." अशी पानंच्या पानं होती. राहिलेल्या बोलण्याची.

मामांकडे एक जुना कॉम्प्युटर होता. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या नावांच्या पट्ट्या छापायला घेतलेला. बंद पडणाऱ्या एका कचेरीतून तो तिसऱ्या हाताने आला होता. मी म्हटलं, "मामा, हल्ली कॉम्प्युटर लिहिलेलं वाचून दाखवतात. मोबाइलही वाचतो." मोबाइल आधी करून पाहिला. पण चाळीस वर्षं सुई, दोरा आणि खळ यांत राबलेली ती बोटं. टोकं इतकी घट्ट झालेली की काचेच्या पडद्याला मामांचा स्पर्शच कळेना. चार वेळा दाबलं तर एक अक्षर, तेही शेजारचं. कीबोर्डवर मात्र त्यांचा हात बसलेला होता.

अडचण कॉम्प्युटरची होती. सकाळी बटण दाबलं की मामी कणीक मळून, भाजी चिरून घ्यायची, तरी पडद्यावर चक्र गरगरतच असायचं. मधेच एक चौकट यायची की ही प्रणाली आता जुनी झाली आहे, हिला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. बोलणारा प्रोग्राम टाकायचा प्रयत्न केला तर सगळंच गोठलं. मामांनी कॉम्प्युटर पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं.

"मामा, भंगारात द्या. यात काही जीव राहिलेला नाही. नवा घ्या."

नवा घेण्यासारखी स्थिती दवाखान्याने ठेवली नव्हती. मामा पिशवी उचलून निघाले. पण घरी न येता ते वाचनालयात गेले, कारण शिवलेली सहा पुस्तकं तिथे द्यायची होती.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई मामांना वीस वर्षं ओळखत होत्या. वरून कडक. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्या सभासदाला त्या सर्वांदेखत झापायच्या. त्यांनी पिशवी पाहिली, मामांचा चेहरा पाहिला आणि पाटी पुढे सरकवली. मामांनी सगळं लिहिलं. तीनदा पाटी पुसावी लागली.

बाईंनी वाचून त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे चार कॉम्प्युटर चालू होते, मामांच्या कॉम्प्युटरपेक्षाही म्हातारे.

"यांनाही भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "मी आतली प्रणाली बदलली. लिनक्स म्हणतात. हलकी असते, जुन्या यंत्राला झेपते. आणि फुकट आहे."

मामांनी लिहिलं: "फुकट? मग गोम कुठे आहे?"

बाई हसल्या. त्या हसतात हे मामांना तेव्हा प्रथमच कळलं. "मीही हेच विचारलं होतं. गोम नाही. जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून लिहिली आहे आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. कोणालाही ती उघडून आत कसं काय आहे ते बघता येतं, चुकलेलं दुरुस्त करता येतं, दुसऱ्याला देता येतं."

मामांनी थोडा विचार करून लिहिलं: "म्हणजे शिवण दिसते."

"हो. शिवण दिसते."

बाईंनी त्यांना एक पेन ड्राइव्ह दिला आणि काय कसं करायचं त्याची अकरा पानं छापून दिली. "मी येऊन करून देते," असंही म्हणाल्या. मामांनी मान हलवली. त्यांना ते स्वतः करायचं होतं.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? ती अकरा पानं शिवली. पुठ्ठा लावला, निळं कापड चढवलं आणि शिकंज्यात दाबून ठेवली. मामी म्हणाली, "अहो, वाचायची आहेत की म्युझियमला द्यायची आहेत?" दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तिका वाळली तेव्हा मामा कामाला बसले.

मी शिकवते ती शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती, म्हणून हे सगळं मी पाहिलं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे त्यांनी आधी पट्ट्यांच्या सगळ्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एकदा उतरवून उघडून पाहिल्या, परत मोजल्या. मग बाईंचा पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करायचं आणि त्याच क्षणी एक ठराविक बटण दाबायचं होतं. दोनदा बोट उशिरा पडलं. तिसऱ्यांदा बरोबर पडलं, आणि पडदा असा भराभर उजळला की मामा खुर्चीतून थोडे मागेच सरकले. काहीही न पुसता नवी प्रणाली आधी अशी चालवून बघता येते, तशी त्यांनी तासभर बघितली. सगळं उघडलं, सगळं मिटलं. मग कायमची बसवायला घेतली. शेवटी प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

मामा थांबले. हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. त्यांची काम करायची पद्धतच अशी. कागद कापायच्या आधीही ते असेच थांबतात, कारण पातं एकदा खाली आलं की आलं.

मामी दारात उभी राहून बघत होती. "अहो, ऑपरेशनच्या कागदावर पटकन सही केलीत, आणि इथे कसला विचार करताय? दाबा!"

मामांनी दाबलं.

तासाभराने यंत्र नव्या प्रणालीत सुरू झालं. बटण दाबल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत मामीची एक वाटी घासून झाली. तेवढीच. जो प्रिंटर सहा महिने रुसून बसला होता, तो काहीही न करता चालला आणि त्याने एक पट्टी छापून दिली. मामांनी ती पट्टी हातात धरून खिडकीपाशी नेली आणि उलटसुलट करून पाहिली. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे बोलणारा प्रोग्राम उतरवला. त्यात आपली मराठीही होती. मामांनी एक ओळ लिहिली, बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. काही नाही. स्पीकरची वायर काढून लावली. गाणं लावून पाहिलं, तेही मुकं. यंत्र सगळं करत होतं, फक्त आवाज नव्हता.

मामी म्हणाली, "झालं! तुमच्यावरच गेलं की हो हे."

आधी मीच हसले आणि मग घाबरून मामांकडे बघितलं. मामांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण आवाज काही आला नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बाईंनी एक पत्ता दिला होता. ही प्रणाली वापरणारे लोक तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात. मामांनी तिथे लिहिलं. कसं लिहिलं ते मी वाचलं आहे: "नमस्कार. मी पुस्तकं बांधतो. मला आवाज नाही, आता माझ्या कॉम्प्युटरलाही नाही. माझं जाऊ दे, त्याचं काही करता येईल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच उत्तरं आली होती. त्यातलं एक "चिमणी" असं टोपणनाव घेतलेल्या बाईचं होतं. त्या दूरच्या कुठल्याशा गावात बँकेत कॅशियर आहेत, हे नंतर कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्या लोकांचे प्रश्न सोडवत बसायच्या. त्यांनी मामांना कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाची एक ओळ दिली आणि सांगितलं, ही लिहून जे दिसेल ते मला पाठवा. मामांनी पाठवलं. पुढच्या सुट्टीत त्यांचं उत्तर आलं: "काका, बिघाड काही नाही. पडद्यावर आवाजाच्या उभ्या पट्ट्या दिसतायत ना, त्यांतल्या दुसऱ्या पट्टीच्या खाली दोन एम आहेत. म्हणजे त्या वाटेचं तोंड बंद केलेलं आहे. बाणाने तिथे जा आणि एम दाबा. एवढंच."

मामा पट्टीवर गेले. एम दाबला.

मामी तेव्हा आत भांडी लावत होती आणि रोजच्यासारखी बोलत होती. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंची बदली झाली, त्या घर बदलणार, सामान फार, टेम्पो मिळत नाही, असं काहीतरी. पुढच्या खोलीत मामांची बोटं कीबोर्डवर चालली. आणि मग पत्र्याच्या डब्यातून यावा तसा एक सपाट, नाकातला आवाज घरात घुमला:

"हे तू मला मंगळवारीच सांगितलंस."

आत एक ताट पडलं. मी पुस्तिका धरून खोलीच्या मधोमध उभी होते.

मामी दारात आली. ओले हात तसेच. "काय म्हणालात?"

मामांनी परत बटण दाबलं. "हे तू मला मंगळवारीच सांगितलंस."

अकरा महिन्यांनी नवऱ्याचं पहिलं वाक्य, आणि तेही हे. मामी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. "अकरा महिने," ती म्हणत होती, "अकरा महिने मी एकटी बडबडतेय, आणि तुम्ही तारखा लक्षात ठेवत होतात!"

मामांनी पुढचं वाक्य लिहायला घेतलं. हे त्यांनी बराच वेळ लिहिलं. मी तिथून निघाले, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. जिन्यावर असताना फक्त "हिरवी साडी" एवढं ऐकू आलं.

त्यानंतर घराची रीतच बदलली. मामांनी कीबोर्डला लांब वायर जोडून तो टेबलाच्या कडेला आणला. गिऱ्हाईक आलं की पत्र्याचा आवाज विचारायचा, "कापड की रेक्झिन?" आणि लोक आधी दचकायचे, मग दुसऱ्या वेळी मुद्दाम प्रश्न विचारायचे. मामीशी वादही सुरू झाले. पूर्वी "हं"वर मिटायची ती भांडणं आता मुद्देसूद व्हायला लागली. मामी माझ्याकडे तक्रार करायची, "पूर्वी बरं होतं बाई," आणि म्हणताना चेहरा असा फुललेला.

एक गोष्ट मात्र मामांना सलायची. तो आवाज "जाड पुठ्ठा" म्हणताना "ज्याड पुठ्ठा" म्हणायचा. "चूल"ची "च्यूल" व्हायची, "माझा"चा "माझ्या"सारखा काहीतरी व्हायचा. आपल्या च-ज-झचे दोन उच्चार त्याला वेगळे करता येत नव्हते. मामांनी शब्द गोळा करायला सुरुवात केली. काम करता करता जो शब्द चुकला तो वहीत. आधी ज्या वहीत राहिलेलं बोलणं लिहायचे, तीच वही. पाचशे-सहाशे शब्द झाले तेव्हा चिमणीबाईंच्या मदतीने त्यांनी ती यादी आवाजाचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवली. तिकडून कोणीतरी, ज्याला आपली भाषा येतही नव्हती, त्याने आभार मानले आणि तीस बारीक प्रश्न विचारले. मामांनी तिसांचीही उत्तरं दिली. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली. मामांनी ती बसवली, "जाड पुठ्ठा" लिहिलं आणि ऐकलं. मला फोन केला. फोनमधून तोच नाकातला आवाज आला: "जाड. ऐकलंस? जाड."

त्याच सुमारास दवाखान्यातल्या सिस्टरने एका बाईंना मामांकडे पाठवलं. त्या गाण्याच्या शिक्षिका होत्या आणि त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. सोबत त्यांची बहीण आणि कपाटावर पडून राहिलेला एक लॅपटॉप. बाई खुर्चीत बसल्या त्या नजर वर करायला तयार नव्हत्या. मामांनी त्यांच्या लॅपटॉपवर प्रणाली बसवली, आवाज लावला. मग स्वतःच्या यंत्रावर लिहिलं: "आवाज भिकार आहे. सुरात तर मुळीच नाही. पण भांडता येतं." बाईंनी वर पाहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि बहिणीला उद्देशून पहिलं वाक्य लिहिलं. त्या बहिणीने मामीला मारलेली मिठी मामी अजून सांगते. त्यानंतर असे सात जण आले. मामा कोणाकडून काही घेत नाहीत. "माझ्याकडे कोणी मागितलं का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या हिवाळ्यात मामांनी उरलेल्या चांगल्या कागदाच्या कोऱ्या वह्या बांधल्या. पाठ चामड्याची, कडा हाताने घासलेल्या. एक ग्रंथपाल बाईंना दिली. त्यांनी ती उघडून वास घेतला आणि "या वहीत लिहायचं म्हणजे अक्षर सुधारावं लागेल" एवढंच म्हणाल्या, पण दिवसभर ती टेबलावर वरच ठेवली. एक आवाजवाल्या मंडळींना परदेशी गेली. आणि एक चिमणीबाईंना, त्यांच्या बँकेच्या पत्त्यावर.

दहा-बारा दिवसांनी दुपारी फोन वाजला. मी तिथेच होते. मामांनी फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवला.

"मी बँकेतून बोलतेय, चिमणी," पलीकडचा आवाज म्हणाला. "काका, वही मिळाली. आमच्या अख्ख्या शाखेने हात लावून बघितली. इतकं कशाला केलंत हो? मी काय, एक बटण सांगितलं."

मामांची बोटं उचलली गेली आणि तशीच थांबली. त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, ते दिसत होतं. फोनवर माणसं थांबत नाहीत. दोन क्षण गेले की "हॅलो, हॅलो" करतात, नाहीतर ठेवून देतात. मामीने पुढे होऊन बोलायला तोंड उघडलं, पण पलीकडून बाईच म्हणाल्या,

"लिहा काका, सावकाश लिहा. जेवणाची सुट्टी आहे मला. मी थांबते."

मामा लिहायला लागले.